मास स्पेक आणि केमिकल डिटेक्शनमध्ये संशोधन करायचं आहे, पुण्यात सुरुवात कुठून करावी? (सोबत ट्यून रिपोर्ट)

आयन_पकड

जाणकारांना नमस्कार. पुण्यात अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे मास स्पेक्ट्रोमेट्रीत, त्यातही रसायनं शोधून काढण्याच्या कामात संशोधन करायचं आहे. स्फोटकं, विषारी वायू, कीटकनाशकांचे अंश, काहीही चालेल.

शंका अशा की, पीएचडीला जाण्याआधी हाताला नेमकं काय यायला हवं? "मशीन चालवता येणं" आणि "मास स्पेक येणं" यात फरक असतो असं सगळे म्हणतात, पण तो फरक कशात असतो हे कुणी सांगत नाही. दुसरं, डिटेक्शनच्या संशोधनात खरं संशोधन कुठे असतं? पेपर वाचले तर प्रत्येकाची शोधमर्यादा आधीच्यापेक्षा कमी एवढंच दिसतं. आणि तिसरं, पुण्यात कोणत्या संस्थांकडे बघावं?

जाता जाता एक व्यावहारिक अडचण. विभागातल्या सिंगल क्वाड जीसी-एमएसची (गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक, आत आयन गाळणारी एकच चार दांड्यांची क्वाड) संवेदनशीलता घटली आहे. आजच्या ट्यूनचे (पीएफटीबीए हे ठरलेलं रसायन सोडून केलेल्या यंत्रजुळणीचे) आकडे, डावीकडे आयनाचं वस्तुमान, उजवीकडे पीकची उंची, ६९ ला १०० धरून:

२१९ – ३६
५०२ – १.४
१८ – ६.२
२८ – २२.८
३२ – ५.६
७०/६९ – १.१ टक्के, २२०/२१९ – ४.३ टक्के, ५०३/५०२ – ९.८ टक्के
मल्टिप्लायर (आयनांचा सिग्नल वाढवणारा डिटेक्टर) – २४५० व्होल्ट

कॉलम ३० मीटर, ०.२५ मिमी, ५ टक्के फिनाइलवाला. हेलियम १ मिली प्रति मिनिट. सर्व्हिस इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर काही करता येईल का?

---

निर्वात

आधी ट्यून बघू. त्यातून पहिल्या शंकेचंही बरंचसं उत्तर मिळेल.

समस्थानिकांची गुणोत्तरं ठीक आहेत. ६९ म्हणजे एकच कार्बन, तेव्हा ७० ला १.१ टक्के. २१९ मध्ये चार कार्बन, म्हणून ४.३. ५०२ मध्ये नऊ कार्बन आणि एक नायट्रोजन, म्हणून १० च्या आसपास. तुमचे तिन्ही आकडे जुळतात, म्हणजे मास अ‍ॅक्सिस आणि पीकची रुंदी जागेवर आहे. क्वाडला हात लावू नका.

दुखणं २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) मध्ये आहे. दोघांचं गुणोत्तर चार, म्हणजे हवाच. २८ हा ६९ च्या दहा टक्क्यांच्या आत असावा असा साधारण संकेत आहे, तुमच्याकडे दुपटीहून जास्त. १८ फक्त ६.२, म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही. मशीन नुकतंच उघडून पुन्हा पंप केलं असतं तर १८ सगळ्यात उंच दिसला असता आणि रात्रभरात खाली आला असता.

एक फरक लक्षात ठेवा. २८ उंच आणि ३२ जवळजवळ नाही, असं दिसलं तर हवा गॅस लाइनमध्ये ऑक्सिजन ट्रॅपच्या आधी शिरते आहे किंवा सिलिंडरच खराब आहे. ट्रॅप ऑक्सिजन धरतो, नायट्रोजन सोडून देतो. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे गळती ट्रॅपच्या पुढे. किंवा ट्रॅप संपलेला आहे.

आता शोधायचं कसं. कॉलमचा फ्लो १ वरून २ मिलीवर न्या. २८ त्या प्रमाणात वाढला तर हवा कॅरियर गॅसबरोबर येते आहे: सेप्टम (इनलेटवरची सुई टोचायची रबरी चकती), इनलेटचा नट, लाइनचे जोड. फारसा हलला नाही तर गळती निर्वाताच्या बाजूला आहे: ट्रान्सफर लाइनचा (कॉलम एमएसमध्ये नेणाऱ्या गरम नळीचा) नट, दरवाजाची ओ-रिंग, व्हेंट व्हाल्व्ह, पीएफटीबीएच्या कुपीचा जोड. मग मॅन्युअल ट्यूनमध्ये ४० चालू ठेवा आणि बारीक नळीने एकेका जोडावर आर्गॉन सोडा. हवेत आर्गॉन एक टक्क्याच्या आत असल्याने ४० ची पातळी मुळात कमी असते, गळतीपाशी ती काही सेकंदांत उसळते. आर्गॉन नसेल तर कीबोर्ड साफ करायचा टेट्राफ्लुओरोइथेनचा कॅन चालतो. त्याचे आयन ६९ आणि ८३. ६९ वर पीएफटीबीए बसलेला असतो, म्हणून ८३ बघा. हेलियमने शोधायला जाऊ नका, कॅरियरच हेलियम आहे. गळती मोठी वाटली तर फिलामेंट लगेच बंद करा. ऑक्सिजनमध्ये फिलामेंट जळायला वेळ लागत नाही.

दहातल्या आठ वेळा गळती ट्रान्सफर लाइनच्या नटापाशी निघते, आणि कारण ठरलेलं. तिथे व्हेस्पेल-ग्राफाइटचा फेरूल (नटाखालची सील करणारी कडी) असतो. ओव्हन तापला-थंड झाला की तो आकसतो आणि सैल होतो. नवा बसवल्यावर ओव्हनचे काही फेरे झाले की नट पुन्हा आवळायचा असतो आणि नेमकं हेच कुणी करत नाही. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, बस्स. जोर लावला तर फेरूल चिरडतो आणि गळती वाढते. निव्वळ ग्राफाइटचा फेरूल एमएसच्या बाजूला वापरू नका, तो सच्छिद्र असतो. फेरूल कॉलमवर ओवायचा आणि मग टोक कापायचं, आधी कापलं तर ग्राफाइटचा चुरा कॉलमच्या तोंडात जातो. काप सरळ हवा, भिंगाखाली बघा. कॉलम सोर्समध्ये (आयन बनतात त्या भागात) १ ते २ मिमी डोकावला पाहिजे. त्याहून आत गेला तर पीकला शेपूट येतं, बाहेर राहिला तर सिग्नल जातो.

नवा कॉलम कंडिशन करताना एमएसला जोडू नका. त्याचा सगळा ब्लीड (कॉलमच्या अस्तरातून सुटणारं सिलिकोन) सोर्सवर बसतो. ब्लीडची ओळख २०७, २८१, ३५५ आणि ७३. तापमानाबरोबर चढत जाणारी पातळी असेल तर कॉलम. तेच आयन सुट्या टोकदार पीकमध्ये ठरावीक अंतराने दिसले तर सेप्टमचे तुकडे. १४९ म्हणजे थॅलेट, कुठेतरी प्लास्टिक. १४-१४ च्या अंतराने ५७, ७१, ८५ अशी रांग दिसली तर पंपाचं तेल किंवा हायड्रोकार्बन.

हे सगळं टेक्निशियनचं काम, आपलं नाही, असं विभागात ऐकू येईल. ऐकून सोडून द्या. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एखादा अनपेक्षित पीक दिसेल तेव्हा तो शोध आहे की सेप्टम, हे ज्याला स्वतः ठरवता येत नाही त्याचा पेपर दुसऱ्याच्या भरवशावर उभा असतो. तुम्ही विचारलेला फरक हाच. सॅम्पल लावून रिपोर्ट काढणं म्हणजे मशीन चालवणं. आकडा बघून कोणता जोड सैल आहे ते सांगणं म्हणजे मास स्पेक येणं.

---

मांजरी_रोड

निर्वात यांच्याशी निम्मी सहमती. गळती शोधता आलीच पाहिजे, पण एएमसी (वार्षिक देखभाल करार) असलेल्या लॅबमध्ये ते काम दुसरंही कुणी करू शकतं. डिटेक्शनमधलं खरं संशोधन नमुन्यात असतं आणि नमुन्याच्या नाकारात असतं. "सापडलं" म्हणायला दोन आयन पुरतात. "नाही सापडलं" म्हणायचं तर तुमची पद्धत ते बघू शकत होती, त्याच दिवशी, त्याच मॅट्रिक्समध्ये (नमुन्यातल्या बाकीच्या पदार्थांत), हे दाखवावं लागतं. पोरं इथेच अडकतात.

पुण्याचं उदाहरण हाताशी आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांसाठी कीटकनाशक अंशांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि माल अडकला. हे कीटकनाशक नाही, वाढरोधक आहे, बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. शंभरावर रसायनं एका दमात बघणाऱ्या बहुअंश पद्धती तेव्हाही होत्या. पण हा रेणू मुळातच धनभारित, चतुर्थक अमोनियम. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये किंवा क्वेचर्सच्या (अर्क काढायची पद्धत, खाली दिली आहे) अ‍ॅसिटोनायट्रिलच्या थरात तो येत नाही, पाण्यातच राहतो. सी-१८ या नेहमीच्या कॉलमवर थांबत नाही. म्हणजे बहुअंश पद्धतीचा कोरा रिपोर्ट खरा असूनही क्लोरमेक्वाटबद्दल तो काहीच सांगत नव्हता. त्याला आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळं काढावं लागतं, हिलिक (पाण्यात रमणारे रेणू धरणारा) कॉलम लागतो आणि १२२ ते ५८, १२२ ते ६३ ही संक्रमणं (मूळ आयन आणि तो फुटून झालेला तुकडा अशा जोड्या) बघावी लागतात. क्लोरीन असल्याने १२४ ते ५८ हे तिसरं फुकट मिळतं.

या क्षेत्रात शिरायचं तर मूळ पद्धत पाठ हवी. क्वेचर्स २००३ ची: १० ग्रॅम एकजीव केलेला नमुना, १० मिली अ‍ॅसिटोनायट्रिल, एक मिनिट जोरात हलवा. मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ टाकून लगेच पुन्हा हलवा. लगेच म्हणजे लगेच. मॅग्नेशियम सल्फेट पाणी धरताना तापतं आणि दगड होतं, त्यात द्रावक अडकतो. सेंट्रिफ्यूज, मग वरच्या थराच्या प्रत्येक मिलीला १५० मिग्रॅ मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिग्रॅ पीएसए (आम्लं आणि साखर धरणारी पूड). पालेभाजीचा हिरवा रंग काढायला ग्राफाइटी कार्बन टाकतात, पण तो चपट्या रेणूंनाही धरून ठेवतो. थायाबेंडाझोल, हेक्झाक्लोरोबेंझीन त्यात जातं आणि रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळालेला भाग) कोसळते. द्राक्षासाठी मांजरीची इथाइल अ‍ॅसिटेटची पद्धत वेगळी आहे, १० ग्रॅम नमुना, १० मिली द्रावक, १० ग्रॅम सोडियम सल्फेट. दोन्ही करून बघा, फरक हाताला कळतो.

यात काय चुकतं? सगळ्यात जास्त चुकतं ते मॅट्रिक्सचं. एलसी-एमएसमध्ये (द्रव क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेकमध्ये) ईएसआय म्हणजे विद्युत फवाऱ्याच्या सोर्समध्ये तुमच्या रेणूबरोबर साखर, रंगद्रव्यं, मेद सगळंच भार मिळवायला धडपडत असतं, त्यामुळे सिग्नल निम्म्यावर येऊ शकतो आणि क्रोमॅटोग्रामवर काहीच वावगं दिसत नाही. हे बघायची साधी युक्ती आहे. कॉलमच्या पुढे टी-जोड लावा, सिरिंज पंपाने स्टँडर्ड ५ ते १० मायक्रोलिटर प्रति मिनिट सतत सोडा आणि कोरा नमुना टोचा. सरळ रेषेत जिथे खड्डा पडेल त्या वेळी तुमचं रसायन बाहेर येत असेल तर ग्रेडियंट बदला. शुद्ध द्रावकातला कॅलिब्रेशन वक्र लावून फळाचा आकडा देऊ नका, कोऱ्या फळाच्या अर्कातच स्टँडर्ड बनवा.

शोधमर्यादेबद्दल तुमची शंका रास्त आहे. सिग्नल-नॉइज तीन ही व्याख्या ट्रिपल क्वाडवर (तीन क्वाड ओळीने असलेल्या यंत्रावर) निरर्थक होते. एमआरएममध्ये (ठरावीक संक्रमणंच बघण्याच्या पद्धतीत) नॉइज जवळजवळ शून्य दिसतो, सॉफ्टवेअर स्मूदिंग करून उरलासुरलाही पुसतं, आणि मग कुणीही फेम्टोग्राम लिहितो. त्यापेक्षा अपेक्षित मर्यादेच्या जवळ सात कोरे नमुने स्पाइक करा (त्यांत मोजून रसायन घाला), पूर्ण पद्धतीतून न्या, आलेल्या आकड्यांचं प्रमाण विचलन काढा आणि ३.१४३ ने गुणा. सात नमुन्यांसाठी, ९९ टक्के विश्वासार्हतेचा तो टी-गुणक आहे. आकडा मोठा येईल. येऊ द्या.

बाकी मोजमापाचे निकष युरोपीय मार्गदर्शकात आहेत आणि इथल्या लॅबही तेच धरतात. रिकव्हरी ७० ते १२० टक्के, आरएसडी (सापेक्ष प्रमाण विचलन) २० टक्क्यांच्या आत, दोन आयनांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या आत, धारणवेळ (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) ०.१ मिनिटाच्या आत. युरोपात ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला ०.०१ मिग्रॅ प्रति किलो. यापेक्षा खाली जाऊन कौतुक करून घेण्यात द्राक्षाच्या कामात तरी फारसा अर्थ नाही.

---

स्वॅब

वरचे दोघेही लॅबमध्ये बसून बोलताहेत. प्रश्नात स्फोटकं आणि विषारी वायूही आहेत, तिथलं गणित निराळं.

स्फोटकांच्या वाफेवर भरवसा ठेवता येत नाही. टीएनटीची वाफ साध्या तापमानाला हवेत अब्जांशात असते, आरडीएक्सची त्याहून हजारपट कमी. म्हणून विमानतळावर हवा हुंगत नाहीत, बॅगेच्या कडीवरून कापडाचा तुकडा फिरवतात आणि तो २०० अंशांच्या वर तापवतात. त्यामागे बहुतेक वेळा मास स्पेक नसून आयन मोबिलिटी असते, म्हणजे आयन हवेतून किती वेगाने सरकतो ते मोजणं. तिला निर्वात लागत नाही, उत्तर काही सेकंदांत मिळतं. आयनीकरण निकेल-६३ च्या बीटा कणांनी किंवा कोरोना डिस्चार्जने. पण वेगळं करण्याची ताकद बेताची, म्हणून हातावरचं क्रीम किंवा फरशीचं क्लीनर कधीकधी स्फोटकाच्याच वेळेच्या खिडकीत येऊन बसतं.

आता पुण्यातल्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट. आयन नळीतून किती वेळात जातो हे हवेच्या दाबावर अवलंबून असतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथला दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल. समुद्रकाठी १० मिलिसेकंदाला येणारा पीक इथे ९.४ ला येतो. मुंबईत जमवलेली या वेळांची लायब्ररी इथे तशीच लावली तर सहा टक्के चूक, आणि खिडक्या त्याहून अरुंद असतात. म्हणून वेळ कधीच नोंदवू नये, तापमान आणि दाबाने सुधारलेली मोबिलिटी नोंदवावी. टीएनटीची १.५४ चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद. बाजारातली उपकरणं आतल्या कॅलिब्रंटने ही दुरुस्ती आपोआप करतात, स्वतः बांधलेली नळी करत नाही. प्रकल्पाचा विद्यार्थी तिथेच फसतो.

मास स्पेकवर आरडीएक्स शोधायचं तर ऋण आयन आणि क्लोराइड. मोबाइल फेजमध्ये किंचित अमोनियम क्लोराइड टाकलं की आरडीएक्स क्लोराइडला चिकटतं आणि २५७ ला दिसतं, दोन पुढे २५९. दोघांचं प्रमाण तीनास एक आलंच पाहिजे. आलं नाही तर ते आरडीएक्स नाही, लायब्ररी काहीही म्हणो. पीईटीएन त्याच पद्धतीने ३५१ ला. क्लोराइड टाकलं नाही तर नायट्रेट, फॉर्मेट, अ‍ॅसिटेट, जे हाताला लागेल त्याच्याशी जोडी जमते आणि सिग्नल चार ठिकाणी वाटला जातो.

विषारी वायूंचं काम खऱ्या रसायनांवर होत नाही आणि विद्यार्थ्याने तसा विचारही करू नये. सरीनच्या जागी डीएमएमपी (त्याच्या घडणीचं, पण बरंच कमी विषारी संयुग) वापरतात: ७० ईव्हीला (नेहमीच्या इलेक्ट्रॉन आयनीकरणात) ७९, ९४, १०९, १२४, मृदू आयनीकरणात १२५ आणि जोडीचा २४९. मस्टर्डच्या जागी मिथाइल सॅलिसिलेट: १२०, ९२, १५२. डीएमएमपी रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून खरेदी विभागाच्या नोंदीने करा. करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. आपल्याकडे त्या पद्धतीचं नामांकित काम ग्वाल्हेरच्या डीआरडीईत (डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा) चालतं. त्या जगातल्या प्रावीण्य चाचणीचा नियम फार बोलका आहे: प्रत्येक रसायनाची ओळख दोन वेगवेगळ्या तंत्रांनी जुळली पाहिजे, अहवालाला पंधरा दिवस, आणि नसलेलं रसायन आहे म्हणून लिहिलं तर थेट नापास. मांजरी_रोड म्हणतात तो नाकार इथे असा मोजला जातो.

संशोधन कुठे आहे? गेल्या वीस वर्षांतली मोठी उडी म्हणजे नमुना तयारच न करणं. पर्ड्यूच्या कुक्स गटाचं देसी (विद्युत फवारा थेट नमुन्यावर) २००४ चं, दुसऱ्या गटाचं डार्ट (उत्तेजित वायूचा झोत) २००५ चं, त्यानंतर पेपर स्प्रे. पेपर स्प्रे तर तुम्हीही करू शकता. क्रोमॅटोग्राफी कागदाचा टोकदार त्रिकोण, त्यावर नमुना, १० मायक्रोलिटर मिथेनॉल-पाणी आणि ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, क्लिपला ३ ते ५ किलोव्होल्ट, टोक एमएसच्या तोंडापासून काही मिमीवर. टोक कात्रीने कापताना तंतू निघाले तर फवारा फाटतो, नवं ब्लेड वापरा. किलोव्होल्ट म्हणजे खेळ नाही, स्रोताला करंट लिमिट असू द्या.

अवघड प्रश्न पुढे आहेत. पंप लहान केला तर दाब वाढतो, म्हणून उचलून नेण्याच्या यंत्रात क्वाडपेक्षा आयन ट्रॅप बरा, त्याला वाईट निर्वात चालतो. पण लहान ट्रॅप चटकन भरतो आणि पीक सरकतात. आणि पेपरमधली गोम अशी की स्वच्छ मिथेनॉलमध्ये टीएनटी घालून मर्यादा छापली जाते. चांदणी चौकातल्या संध्याकाळच्या हवेत, डिझेलच्या धुरात आणि धुळीत बरबटलेल्या स्वॅबवर तेच करून दाखवा, आणि दोनशे कोऱ्या स्वॅबपैकी किती खोटे वाजले ते लिहा. असं लिहिणारे थोडे आहेत. म्हणजेच तिथे जागा आहे.

---

आयन_पकड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

गळती सापडली. फ्लो वाढवून २८ हलला नाही. आर्गॉन ट्रान्सफर लाइनच्या नटापाशी नेताच ४० उसळला. फेरूल बदलला, ओव्हन फिरवून पुन्हा आवळला. आता २८ वर ३.१ आणि ३२ वर ०.७. पण ५०२ अजून १.५ वरच आहे आणि मल्टिप्लायर फारसा उतरला नाही.

दोन उपप्रश्न. ५०२ चं काय करू? आणि हेलियमच्या किमतीमुळे विभाग हायड्रोजनवर जायचा विचार करतो आहे, नायट्रो संयुगांवर माझा प्रकल्प आहे. चालेल का?

---

निर्वात

छान. ५०२ तुटपुंजा म्हणजे सोर्स मळलाय, जड आयन आधी मरतात. व्हेंट करण्याआधी (आत हवा सोडण्याआधी) सोर्स १०० अंशांच्या खाली येऊ द्या, गरम धातूला हवा लागली तर ऑक्सिडेशन होतं. रिपेलर, आयन बॉडी, ड्रॉ-आउट प्लेट हे पोलादी भाग अ‍ॅल्युमिनाची पूड आणि मिथेनॉलच्या लगद्याने कापसाच्या काडीने घासा. चकाकी आली पाहिजे. पूड पूर्ण धुऊन काढा, मग अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, हेक्झेन असे क्रमाने पाच-पाच मिनिटं. फिलामेंट आणि इन्सुलेटर यात टाकायचे नाहीत. नायट्राइलचे हातमोजे घालून सोर्स परत बसवला तर मोज्यांचीच रसायनं दिसतात, लिंट-फ्री कापडी घाला. उघडण्याआधी प्रत्येक स्क्रूचा फोटो काढून ठेवा. पंप चालू केल्यावर चार तास तरी थांबा, रात्रभर थांबलात तर उत्तम.

आणि गुरुवारी व्हेंट-पंप करू नका. आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारीच, यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते हे टर्बो पंप फिरत असताना शोधायची वेळ नको.

---

सूस_खिंड

संस्थांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पाषाण-बाणेर पट्ट्यातच बरंच आहे. एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉलिमर, नैसर्गिक संयुगं, प्रोटिओमिक्स अशा अंगाने मास स्पेक. आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). आयआयटीएममध्ये (उष्णदेशीय हवामान संस्था) हवेतले कण आणि वायू, म्हणजे डिटेक्शनच, फक्त शत्रूऐवजी एरोसोल. सुतारवाडीला डीआरडीओची एचईएमआरएल, तिथे स्फोटकं. त्यांचा रंगचाचणीचा संच पोलिसांकडे असतो, तो मास स्पेकच्या आधीची पायरी म्हणून समजून घ्यावा. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र), जैविक अंगाने. हडपसरपलीकडे मांजरी. डीआरडीओच्या संस्थांत फेलोशिपला नेट किंवा गेट लागतं. सीएसआयआर-नेटची जेआरएफ २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं.

पण संस्थेच्या नावापेक्षा गाइडला, त्याहीपेक्षा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, चहाला नेऊन हे विचारा. मशीन गटाचं आहे की सेंट्रल फॅसिलिटीचं? सेंट्रल असेल तर तुम्ही कुप्या जमा करणार आणि पीडीएफ घेऊन येणार, पाच वर्षांत सोर्स डोळ्यांनी दिसणार नाही. शेवटचं व्हेंट कुणी केलं? कच्चा डेटा मिळतो का, की फक्त प्रिंट? मिळत असेल तर तो एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात काढून पायथनमध्ये स्वतः पीक काढायला आजच शिका, कंपनीच्या सॉफ्टवेअरने काय गाळलं ते तेव्हाच कळतं. एएमसी संपल्यावर मशीन किती महिने बंद होतं? याचं उत्तर देताना समोरचा हसला तर समजून जा.

निर्वात आणि मांजरी_रोड यांच्या वादात माझं मत मांजरी_रोड यांच्या बाजूने. एमएस्सीनंतर थेट पीएचडी करण्याऐवजी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या अवशेष किंवा औषध चाचणी लॅबमध्ये वर्ष-दीड वर्ष काढलेला माणूस पुढे वेगळाच दिसतो. पगार बेताचा, काम रटाळ, पण ब्लँक, स्पाइक, डुप्लिकेट, नियंत्रण आलेख हे अंगात मुरतं. अट एकच, नुसतं ऑटोसॅम्पलर भरण्याचं काम देणारी लॅब असेल तर सहा महिन्यांत निघा.

लायब्ररी मॅच ९०० च्या वर आला की नाव लिहून मोकळं व्हायची सवय मात्र आत्ताच सोडा. ऑर्थो, मेटा, पॅरा झायलीनचे वर्णपट सारखेच असतात. सी-८ ते सी-२० अल्केनची शिडी त्याच पद्धतीने चालवून धारणांक (अल्केनच्या तुलनेत धारणवेळेची जागा सांगणारा आकडा) काढा, पाच टक्के फिनाइलवर छापील मूल्याशी दहा-पंधरा एककांत जुळला तर पुढे बोला. पाहुण्यांसमोर थीसिस मांडताना पहिला प्रश्न हाच येतो.

---

स्वॅब

हायड्रोजनबद्दल. बाकी कामाला चालेल, तुमच्या प्रकल्पाला जपून.

हायड्रोजन हेलियमसारखा निष्क्रिय नाही. तापलेल्या सोर्समध्ये धातूच्या पृष्ठभागावर तो नायट्रो गटाचं क्षपण करतो. नायट्रोबेंझीन टोचलं की १२३ खाली जातो आणि अ‍ॅनिलीनचा ९३ वर येतो, तोही शेपूट घेऊन. लायब्ररी निर्धास्तपणे अ‍ॅनिलीन म्हणते. टीएनटीचं काय होईल याचा अंदाज करा. हायड्रोजनसाठी खास बनवलेले सोर्स मिळतात, त्यात हे बरंच कमी होतं, पण तुमच्या जुन्या सिंगल क्वाडला बसेल का ते आधी विचारा.

शिवाय टर्बो पंप हायड्रोजन कमी कार्यक्षमतेने ओढतो, म्हणून ३० मीटर ०.२५ चा कॉलम काढून २० मीटर ०.१८ चा लावावा लागेल आणि सगळ्या धारणवेळा नव्याने बसवाव्या लागतील. डायक्लोरोमिथेनमधले नमुने गरम इनलेटमध्ये हायड्रोजनबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात, द्रावक बदला. बदलल्यानंतर पार्श्वभूमी काही दिवस उंच राहते, नळ्यांत वर्षानुवर्षं बसलेला मळ हायड्रोजन सोडवून आणतो. आणि हवेत चार टक्क्यांवर तो पेट घेतो, म्हणून ओव्हनमध्ये गळती-सेन्सर नसेल तर विषय इथेच थांबवा.

विभागाने तरीही जायचं ठरवलं तर निर्णयाआधी एक तुलना मागा. सोर्स साफ करून, १ नॅनोग्रॅम नायट्रोबेंझीन हेलियमवर, मग तेच हायड्रोजनवर, सोर्सचं तापमान दोन्हीकडे सारखं. दोन्हीत ९३ आणि १२३ चं गुणोत्तर काढा आणि ते पान खरेदीच्या फायलीला जोडा.